आधी चूक, मग चहा

बादलीतलं पाणी गढूळ झालं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते.

सुगलाबाईंनी सकाळी आठ वाजता त्यात वीट घातली होती. बालवाडीच्या अंगणात कडुनिंबाखाली ती बादली ठेवलेली होती. मी सोलापूरहून दोन वाजता पोचले तेव्हा पाणी स्वच्छ होतं, निदान मला तसं वाटलं. मग मी भिंतींची मापं घेण्यात गुंतले. साडेतीनला सुगलाबाईंनी हाक मारली.

"ताई, जरा इकडं या."

आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मीही निवांत उठले. बादलीशी पोचले आणि पाणी बघितलं. बिनदुधाच्या चहासारखा रंग आला होता. सुगलाबाईंनी बाही वर सारली, वीट बाहेर काढली आणि कोपऱ्यावर अंगठा दाबला. कोपरा अंगठ्याखाली बसला आणि सुटून पाण्यात पडला.

"पहिली अशी नव्हती," त्या म्हणाल्या.

आमच्या पाठीमागे त्याच विटांच्या चार भिंती दाराच्या उंचीपर्यंत चढल्या होत्या.

ही अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. गाव कोन्हळगी, अक्कलकोटच्या वाटेवरचं. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. सोलापुरात वास्तुरचनाकार म्हणून पंचवीस वर्षं काम केलेली बाई, आणि गेली तीन वर्षं एका वेडाच्या मागे लागलेली. गावात राहणाऱ्याला परवडेल, उन्हाळ्यात तापणार नाही, सिमेंट आणि लोखंड कमीत कमी लागेल आणि माती जिथली तिथलीच वापरता येईल, अशी घरं बांधायची. हे एकट्याचं काम नव्हे. म्हणून आम्ही काही वास्तुरचनाकार, अभियंते, दोन ठेकेदार आणि तीन गवंडी असं मंडळ काढलं होतं. नाव 'माती-चुना मंडळ'. गावभर लोक त्याला चिखल मंडळ म्हणत. माझे यजमानसुद्धा दुसऱ्या शनिवारी सकाळी विचारायचे, "आज चिखलात जायचं ना?"

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही भेटत असू. पहिलं वर्ष वाया गेलं. जो तो आपण केलेल्या चांगल्या कामाचे फोटो दाखवायचा, बाकीचे माना डोलवायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. मग एका शनिवारी नंदकुमार व्हनमाने उठला. हा आमच्यातला तरुण ठेकेदार, अभियंता, तोंडाचा तिखट. म्हणाला, "मी आज फोटो आणलेले नाहीत. मी स्वतःच्या घराला पश्चिमेकडं दोन मोठ्या खिडक्या ठेवल्यात. माझी आई त्या खोलीला भट्टी म्हणते आणि दुपारी शेजाऱ्यांकडं झोपायला जाते." सगळे पोट धरून हसले, आणि नंतर तासभर आम्ही त्या खिडक्यांवर बोललो. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही काहीतरी शिकलो. जाताना व्हनमानेच म्हणाला, "आता हाच नियम करू. आधी चूक, मग चहा."

तेव्हापासून तसंच चालायचं. कुणीतरी उठून आपली एक चूक सांगितल्याशिवाय किटलीचं झाकण उघडायचं नाही.

कोन्हळगीची बालवाडी हे मंडळाचं पहिलं स्वतःचं बांधकाम. मुरमाड माती चाळायची, त्यात थोडं सिमेंट कालवायचं आणि हाताने चालवायच्या यंत्रात दाबून वीट काढायची. भट्टी नाही, जळण नाही. जिल्ह्याचे बांधकाम अधिकारी एकबोटे साहेब सोमवारी ही इमारत बघायला येणार होते. त्यांना पटली तर त्या वर्षीच्या अठरा बालवाड्या आमच्या पद्धतीने होणार होत्या. अठरा बालवाड्या म्हणजे अठरा गावांतले गवंडी शिकले असते, आणि चिखल मंडळाला कुणी हसलं नसतं.

पण गावाला आधी पटवावं लागलं होतं, आणि गाव म्हणजे सुगलाबाई. बालवाडीच्या शिक्षिका. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवच्या भूकंपात आई आणि धाकटा भाऊ दगडमातीच्या भिंतीखाली गेले. मी पहिल्यांदा मातीच्या विटांबद्दल बोलले तेव्हा त्या उठूनच गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, "पाण्यात घालून दाखवा." मी सोलापुरातल्या आमच्या आवारात काढलेली वीट घेऊन गेले. त्यांनी ती तीन दिवस बादलीत ठेवली. वीट जशीच्या तशी राहिली. मग म्हणाल्या, "बांधा. पण बादली इथंच राहील. मला वाटेल तेव्हा मी वीट घालणार."

आणि त्या शनिवारी त्यांना वाटलं.

चार वाजता भाड्याच्या गाडीतून मंडळाची आठ माणसं उतरली. त्या महिन्याची बैठक मुद्दाम इमारतीवरच ठेवली होती. व्हनमाने सगळ्यांत पुढे होता. त्याला मी बाजूला घेऊन वीट दाखवली. त्याने ती हातात फिरवली, नखाने खरवडली आणि पहिल्यांदा मागे वळून कोण बघतंय ते पाहिलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"सुगलाबाईंनीच दाखवली."

तो भिंतीपर्यंत चालत जाऊन परत आला. मला म्हणाला की कोरड्या भिंतीला काही होत नाही, पाणी लागलं तरच प्रश्न, आणि पाणी लागू द्यायचंच नाही. उद्या रविवारी तो चार गवंडी आणणार, संध्याकाळपर्यंत बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेणार.

"एकदा गिलावा झाला की भिंत मातीची काय नि सोन्याची काय," तो म्हणाला.

"आणि गिलावा सुटला तर?"

"मॅडम, अठरा आहेत. अठरा."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. गिलावा नीट राहिला असता तर ती भिंत दहा वर्षंही उभी राहिली असती. आणि एखाद्या पावसाळ्यात गिलाव्याला तडा गेला असता तर त्या भिंतीला टेकून पाच-पाच वर्षांची मुलं बसलेली असती.

तोवर बाकीचेही बादलीभोवती गोळा झाले होते. व्हनमानेने मलकप्पाला हाक मारली.

मलकप्पा बिराजदार म्हणजे आमच्या मंडळातले सगळ्यांत वयस्कर गवंडी. साठी उलटलेली, अंगात बंडी, कपाळाला भस्म. अक्षरओळख नव्हती, पण भिंतीवर तळहात ठेवून ओळंब्यात आहे की नाही सांगायचे. ते हात पुसत आले.

"मिस्त्री, विटांवर पाणी किती दिवस मारलंत?"

"एकवीस."

"मे महिन्यात? गावात टँकर तिसऱ्या दिवशी येतो. पाणी आणलंत कुठून?"

उत्तर सुगलाबाईंनी दिलं. "दर घरचा एक हंडा. पाळी लावून दिली होती मी. आजच्या पाळीचे ते बघा तिथं." गोणपाटाखाली झाकलेल्या विटांच्या शेजारी पाच हंडे ओळीने ठेवलेले होते. "आमच्या बायकांनी धुणी तुंबवून पाणी दिलंय, साहेब."

"दिलं असेल, बाई. ते विटांवर पडलं का, एवढंच विचारतोय."

सुगलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मलकप्पांच्या मानेची शीर ताणली, पण आवाज चढला नाही.

"कागदात लिहिलंय तसंच केलंय," ते म्हणाले.

बंडीच्या खिशातून त्यांनी घडी घातलेलं पत्रक काढलं. ते पत्रक मी लिहिलं होतं. गवंड्यांना समजेल अशा भाषेत, त्यांच्याच शब्दांत, एका पानावर सगळी कृती. त्याचा मला फार अभिमान होता. मलकप्पांनी ते सुगलाबाईंच्या हातात दिलं. रोज सकाळी त्याच त्यांना वाचून दाखवत असत.

"वाचा, बाई."

सुगलाबाई मुलांना वाचून दाखवावं तसं स्वच्छ वाचायला लागल्या. माती कुठली घ्यावी, कशी चाळावी. मग, "एका गोणी सिमेंटला पस्तीस पाट्या चाळलेली माती."

माझं लक्ष चाळणीकडे गेलं. चाळणीशेजारी एक पाटी उपडी पडली होती. वेताची, तळ शेणाने सारवलेला, काठ रुंद. शेतात खत वाहायला वापरतात तशी.

आमच्या सोलापूरच्या आवारात अशी पाटी नव्हती. तिथे लोखंडी घमेली होती. पहिल्या विटा घमेल्याने मोजूनच काढल्या होत्या. पत्रकाचा पहिला मसुदा मी बैठकीत वाचला तेव्हा त्यात घमेलंच होतं, आणि मलकप्पा हसून म्हणाले होते, "घमेलं कशाला मॅडम, आमच्यात पाटी म्हणतेत." मला इतका आनंद झाला. त्यांचा शब्द! मी घरी येऊन सगळीकडे घमेलं खोडलं आणि पाटी लिहिलं. शहरातल्या बांधकामावर पाटी काय नि घमेलं काय, एकच. इथे पाटी म्हणजे ही समोरची. हिच्यात दीड घमेलं माती मावत होती. सिमेंटची गोणी मात्र तेवढीच.

मला हे सगळं एका क्षणात कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं.

मी पाटीवरून नजर उचलली तर मलकप्पा माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. मी काहीच केलं नाही. व्हनमाने म्हणाला, सोमवारी साहेबांनी विचारलंच तर सांगता येईल की मिस्त्रींकडून हयगय झाली, मिस्त्री बदलला आहे, पुढच्या कामाला पक्का माणूस देऊ. दोघातिघांनी माना हलवल्या. हे सगळं मलकप्पांच्या समोर चाललं होतं. त्यांनी पत्रकाची घडी घालून परत खिशात ठेवली, हौदाशी गेले आणि थापी धुवायला लागले. कामाच्या मध्यावर कुणी थापी धूत नाही. मग ओळंब्याची दोरी हळूहळू गुंडाळायला लागले.

मी ते बघत होते आणि मनात चांगले चांगले बेत करत होते. संध्याकाळी गाडीत व्हनमानेला एकट्याला सांगेन. उद्या मलकप्पांच्या घरी जाईन, त्यांची माफी मागेन. अठरा बालवाड्यांचं पत्रक बदलेन, कुणाला कळायच्या आत. तीन वर्षं मी दारोदार फिरून ही माणसं जमवली होती. यातली निम्मी माणसं एवढ्याच आशेवर टिकली होती. एका शब्दापायी ते सगळं घालवायचं? गेल्याच बैठकीत मी उभी राहून सांगितलं होतं की कोन्हळगीत आपण अंदाजापेक्षा आठ गोण्या सिमेंट वाचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली.

एकबोटे साहेब सोमवारी येणार होते ते शनिवारीच आले. अक्कलकोटहून परतताना वाटेवरच आहे म्हणून वळलो, असं म्हणाले. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. व्हनमाने नमस्कार करत पुढे झाला आणि जाता जाता त्याने विटांवरचं एक गोणपाट उचलून बादलीवर टाकलं. इतक्या सफाईने की मला क्षणभर तेही कौतुकाचं वाटलं.

साहेब भिंतींभोवती फिरले. विटांवर बोटाने टकटक केलं. आत भिंतीच्या सावलीत उभे राहून म्हणाले, गार वाटतंय. व्हनमाने बोलत होता, मी मधूनमधून हो म्हणत होते. सुगलाबाई कडुनिंबाशी उभ्या होत्या, बादलीपासून हातभर. त्या एक शब्द बोलल्या असत्या तर संपलं होतं. त्या बोलत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

मग बालवाडीच्या जुन्या खोलीतली खुर्ची आली, साहेब बसले आणि सुगलाबाईंच्या जाऊबाई चहाची किटली घेऊन आल्या. सगळ्यांना स्टीलचे पेले दिले. मलकप्पा जायला निघाले होते, त्यांनाही बोलावून पेला हातात दिला. साहेबांनी आपला पेला तोंडाजवळ नेला.

"थांबा की ओ साहेब," मलकप्पा म्हणाले.

त्यांनी आपला पेला विटांच्या थप्पीवर ठेवून बाजूला सरकवला.

"आमच्यात आधी चूक सांगतेत. मग चहा. आज अजून कुणी सांगितली नाही."

साहेबांचा हात तसाच थांबला. "हे कुणी ठरवलं?"

मलकप्पांनी हनुवटीने दाखवलं. "व्हनमाने साहेबांनी."

व्हनमाने हसला. "साहेब, ते आपलं बैठकीतलं. गंमत असते."

"बरं आहे की," एकबोटे म्हणाले आणि पेला खाली ठेवला. "मग कुणाची पाळी?"

अंगणात बारा पेल्यांची वाफ निघत होती. एकानेही पेला उचलला नाही, एकानेही तोंड उघडलं नाही. मलकप्पा माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच्या पेल्याकडे बघत होते. मी जीभ टाळूला लावून उभी होते. त्यांच्या पेल्यावरची वाफ विरळ झाली, मग दिसेनाशी झाली.

"मग माझीच सांगतो," ते म्हणाले.

ते साहेबांच्या समोर जाऊन उभे राहिले नाहीत, आम्हा सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले, बैठकीत राहायचे तसे.

"मला वाचता येत नाही. पण हाताला कळतंय. या विटंची माती कालवताना चार दिवस बघलालो मी, हाताला सिमेंट लागत नव्हतं. पहिल्या विटा सोलापुरात काढल्या तवा रात्री हात भगभगायचे. इथं काहीच नाही. आठ गोण्या उरल्या. सिमेंट कधी उरतंय का साहेब? चाळीस वर्षांत माझ्या हातनं कधी उरलं नाही. तवाच विचारायला पाहिजे होतं. मॅडमनं लिहिलंय, शिकलेल्या माणसानं लिहिलंय, आपण काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. कुठली पाटी, एवढंच विचारायचं होतं. ही माझी चूक."

"कुठली पाटी म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

मग मी बोलले. चाळणीपाशी जाऊन ती वेताची पाटी उचलली आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवली. पत्रकात घमेलं होतं, ते मी खोडून पाटी केलं, कुठली ते विचारलं नाही, विटांमध्ये सिमेंट एक तृतीयांश कमी पडलं आहे, मिस्त्रींनी पाणी एकवीस दिवस मारलं आहे आणि ते बायकांनी हंड्यांनी दिलं आहे, हे सगळं सांगितलं. आवाज कापला नाही. रस्ता दुसऱ्याने मोकळा करून दिला की चालायला काय लागतं.

सुगलाबाईंनी वाकून बादलीवरचं गोणपाट काढलं.

एकबोटे उठले, वीट उचलली. आणखी एक कोपरा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो बोटांनी चुरला.

"भिंतीचं काय करणार?"

मी व्हनमानेकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"उतरवणार," मी म्हटलं.

"सगळी?"

"पायापर्यंत."

"मग अठरा बालवाड्यांचा विचार मला यंदा करता येणार नाही. सांगून ठेवतो."

"हो."

त्यांनी पाण्यात हात बुडवून माती धुतली, रुमालाला पुसला, खुर्चीवर बसले आणि निवलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. निघताना मलकप्पांना म्हणाले, "माझ्या नोकरीत मला चहा नेहमी आधीच मिळालाय." जीप गेली.

रविवारी सकाळी भिंत उतरवायला मंडळातले पाच जण आले. बाकीच्यांपैकी काही पुन्हा कधीच आले नाहीत. विटा उतरवायच्या, फोडायच्या, माती पुन्हा चाळायची, उरलेल्या आठ गोण्या त्यात घालायच्या. माझ्या हातांना फोड आले. दहाच्या सुमाराला व्हनमाने आला. स्कूटर लावून मलकप्पांच्या समोर उभा राहिला.

"मिस्त्री, काल मी जे म्हणालो..."

"वीट धरा," मलकप्पा म्हणाले.

त्याने वीट धरली. दिवसभर धरली. पुढच्या वर्षी तो मंडळातून गेला, मोठ्या इमारतींची कामं करायला लागला. पण तो रविवार त्याच्या नावावर आहे.

दुपारी कडुनिंबाखाली मी आणि मलकप्पा दोघंच पाणी पीत बसलो होतो. मी माफी मागायला शब्द जुळवत होते. तेच आधी बोलले.

"तुम्ही पाटीकडं बघितलं, तवाच मला कळलं."

"काय?"

"की तुम्हाला कळलंय म्हणून." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग थांबलो जरा."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले आणि कामाला लागले. पुढे तेरा वर्षं आम्ही एकत्र काम केलं, सतरा इमारती बांधल्या, त्यांच्या नातीच्या लग्नात मी पंगतीत बसले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्यांदा हंडे मागायला सुगलाबाई आणि मी घरोघर गेलो. त्यांना वाटत होतं लोक दारं लावून घेतील. एका म्हातारीने तेवढं म्हटलं, "हंडा देते. पण पाटी मी बघणार." नव्या विटांतली पहिली वीट सुगलाबाईंनी आठ दिवस बादलीत ठेवली. मग स्वतःच्या हाताने ती पहिल्या थरात, दाराच्या उजव्या बाजूला लावली. ती बालवाडी अजून उभी आहे. तिथे शिकलेल्या एका मुलाने पुढे सोलापुरात अभियांत्रिकी केलं आणि तो आज मंडळात आहे.

अठरा बालवाड्या कधीच मिळाल्या नाहीत. पण एकबोटे साहेबांनी दोन वर्षांनी एक दवाखाना दिला, आणि तिथून पुढे काम वाढत गेलं. आता मंडळाच्या बैठका चार शहरांत होतात. दीडदोनशे माणसं असतील, पर्यावरण शिकून आलेली, संगणकावर उन्हाचा हिशोब मांडणारी. त्यांच्यात एक बोली पडून गेली आहे. कुणी नकाशात, पत्रात, बोलण्यात काही मोघम ठेवलं की कुणीतरी हात वर करून विचारतं, "कुठली पाटी?" सगळ्यांत मोठ्या माणसालाही विचारतात, आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. नवीन आलेल्यांना मग त्यामागची गोष्ट सांगतात. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर तडवळकर मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, चूक माझी आहे, भिंत पाडा.

मी ती गोष्ट पंचवीस वर्षं ऐकत आले. कधी कधी मीच सांगितली. त्यात मलकप्पा असतात, पण माझ्यानंतर बोलतात. ते दोन हजार अकरा साली गेले. सुगलाबाईही आता नाहीत. माझ्या गप्प बसण्याची लांबी माहीत असलेलं कुणी उरलं नाही.

यंदा मला एकोणऐंशी पूर्ण झाली. गेल्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मला मुद्दाम बोलावलं होतं. मिसबाह पटवेकर नावाची एक हुशार मुलगी आता बैठक चालवते. तिने माझी ओळख करून दिली, तीच गोष्ट सांगितली, छान सांगितली. टाळ्या झाल्या. मग ती म्हणाली की आज मॅडम आल्यात, आज नियमाला सुट्टी, आधी चहा. आणि तिने पहिला पेला माझ्यासमोर आणून ठेवला. वाफाळता, आलं घातलेला.

मी तो बाजूला सरकवला.

"काय झालं मॅडम, साखर नको होती का?"

"बस खाली, मिसबाह," मी म्हटलं. "माझी अजून सांगायची राहिली आहे."